वाळवल्यानंतरचं वजन

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं, त्यावरून फार काही समजू नकोस. तू पाठवलेला कागद मिळाला. वहिनी दारातूनच देऊन गेली, आत ये म्हटलं तर गाडी चुकीच्या जागी लावली आहे म्हणाली. कागदावर दोन परिच्छेद, खाली सहीसाठी रेघ आणि रेघेशेजारी तू पेन्सिलीने काढलेली बारीकशी फुली. मला जागा शोधायचे कष्ट पडू नयेत म्हणून. किती काळजी घेतोस. 'नमुन्यांची वजनं करताना प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या हातून अनवधानाने त्रुटी राहिली. मूळ निष्कर्षांवर तिचा परिणाम होत नाही.' तंत्रज्ञ म्हणजे मी. त्रुटी म्हणजे तुझी चूक. आणि मूळ निष्कर्ष म्हणजे चारशे बारा माणसांच्या कृत्रिम पायांच्या गुडघ्यांत बसवलेला तुझा बुश, जो आज झिजतो आहे आणि जो झिजत नाही असं तू सगळीकडे सांगून बसला आहेस. मी सही केली की प्रकरण मिटेल, मला एक मेमो मिळेल आणि ती चारशे बारा माणसं उद्याही त्याच गुडघ्यांवर जिने उतरतील. मी सही करणार नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू आशेने वाचणार नाहीस.

हल्ली तुला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून काही गोष्टी पहिल्यापासून लिहिते. घायपाताचे धागे राळेत घालून तू जे मिश्रण केलंस ते खरंच चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. धातूपेक्षा हलकं, तेल लागत नाही, आणि धागा शेतात उगवतो. गुडघ्याच्या सांध्यात पोलादी दांडा ज्या बारीक नळीत फिरतो ती नळी, म्हणजे बुश, या मिश्रणाची करायची ही तुझी कल्पना. ती झिजते किती हे बघायचं काम माझं. माझं यंत्र तुला आठवत असेल. खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीशेजारी, गरगर फिरणारी पोलादी तबकडी आणि तिच्यावर दाबून धरलेली करंगळीएवढी कांडी. कांडी घासायच्या आधी तोलायची, घासल्यावर तोलायची, जेवढं वजन कमी तेवढी झीज. शाळेतल्या पोरालाही कळेल असं काम, असं तू पाहुण्यांना माझ्यासमोर सांगायचास आणि मी हसायची. पण त्या सोप्या कामात एक मेख होती आणि ती तुला माझ्याइतकीच माहीत होती. धागा पाणी पितो. उघड्यावर ठेवलेली कांडी हवेतला ओलावा घेते आणि जड होते. म्हणून आधी ओव्हनमध्ये वाळवायची, ओलावा शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या काचेच्या बरणीत गार करायची आणि मग तोलायची. घासल्यावरही तेच सगळं पुन्हा. एका खेपेला ओव्हनमध्ये बारा कांड्या मावायच्या आणि पुरता एक दिवस जायचा. 'तुझी वाळवणं झाली का गं' असं तू दर तासाला येऊन विचारायचास. तेव्हा त्यात नुसती थट्टा होती.

चार वर्षांपूर्वी बाबांचा पाय गेला. साखर वाढलेली, अंगठ्याची जखम चिघळली, आणि पंधरा दिवसांत मांडीपर्यंत कापावा लागला. त्या दिवसांत इस्पितळात कोण होतं हे मी तुला ऐकवणार नाही; ते त्यांच्या नोंदवहीत आहे आणि माझ्या रजेच्या अर्जावरही आहे. मी निघाले तेव्हा पंचावन्न कांड्या वाळवून, तोलून, बरणीत ठेवून गेले होते. घासायचं काम तू स्वतः करणार होतास, कारण तू निबंध वाचणार होतास त्या परिषदेला तीनच आठवडे उरले होते. मी परत आले तेव्हा तू पाकिटांच्या पाठीवर लिहिलेली वजनं माझ्यापुढे टाकलीस आणि म्हणालास, वहीत नीट उतरवून दे, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कांड्या खिडकीखालच्या ट्रेमध्ये उघड्याच पडलेल्या होत्या. माझ्या वहीत तीन रकाने असायचे: आधीचं वजन, वाळवल्यानंतरचं वजन आणि त्याच्या पुढे एक अरुंद रकाना, 'वाळवलं' म्हणून बरोबरची खूण करायला. मी विचारलं, वाळवल्या होत्यास ना? तू म्हणालास, 'अगं, कर ना खूण, त्याशिवाय का आकडे दिले?' ओव्हनच्या दाराला दोऱ्याने टांगलेलं कार्ड असतं, कधी काय वाळवलं त्याच्या तारखा लिहायचं. ते कार्ड मी रजेवर गेले त्या तारखेलाच थांबलेलं होतं. मी ते बघितलं. तू मला ते बघताना बघितलंस.

त्यातल्या सात कांड्यांचं वजन घासल्यावर वाढलं होतं. घासून घासून जी वस्तू वाढते असा चमत्कार आपल्या दोघांच्या हातून घडला होता आणि आपण त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. 'त्या सात वगळ, तराजू बिघडला असेल,' एवढंच तू म्हणालास. तराजू बिघडला नव्हता. मी सात वगळल्या आणि अठ्ठेचाळीस खुणा केल्या. एकेक करून, निळ्या शाईने, माझ्या सुरेख अक्षरात.

आता तू म्हणशील, मग तुझाही हात त्यात आहेच की. आहे. ते लपवायला मी बसलेली नाही. मी त्या खुणा का केल्या ते मात्र तुला माहीत आहे आणि त्याचाच तू उपयोग करून घेतलास. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, त्याला लघवीला जायला माझा खांदा लागायचा आणि त्याची त्यांना इतकी शरम वाटायची की ते पाणी पिणं टाळायचे. तू मला म्हणालास की या परिषदेत हा गुडघा मंजूर झाला नाही तर वर्ष जाईल, आणि बाबांकडे वर्ष आहे का ते तूच ठरव. हे वाक्य तू बोललास तेव्हा तुझ्या हातात बिस्कीट होतं, ते तू चहात बुडवत होतास. मला ते अजून दिसतं. मी ठरवलं. रागावायचं तर मला स्वतःवरही रागावायला हवं आणि मी रागावते, रोज, कोणाला न सांगता. पण तुझ्यावरचा राग वेगळा आहे. मी बाबांसाठी डोळे मिटले आणि तू ते मिटायला लावून मग व्यासपीठावर चढलास.

निबंध छापून आला. 'झीज नगण्य.' तुझं नाव पहिलं, तुझ्या साहेबांचं दुसरं, आणि शेवटी बारीक अक्षरात 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' मध्ये मी. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही आणि आता तर तो उपकारच वाटतो. दोन वर्षांनी लोकांना हे पाय बसवायला लागले. बाबा तिसरे. तू फोटोग्राफर आणला होतास. बाबा आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून आठ पावलं चालले आणि नवव्याला तुझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी तू खरोखर रडलास, मी ते नाटक होतं असं म्हणणार नाही. मीही रडले. वाटलं, अठ्ठेचाळीस खुणांचं काय घेऊन बसायचं, माणूस चालला. पुढचे काही महिने बाबा कॉलनीतल्या प्रत्येक माणसाला पँट वर करून गुडघा दाखवायचे. माझ्या मुलाने केलाय, असं म्हणायचे. मुलीने तोलला, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि मला ते लागायचं. लागायचं म्हणजे चांगलंच झोंबायचं. लिहून टाकते एकदाचं.

मग गुडघा वाजायला लागला. पाऊल टाकलं की एक बारीक टक, पाऊल उचललं की दुसरी. मी विचारलं तर बाबा म्हणायचे, नवीन बूट आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दांडा आणि बुश यांच्यातली मोकळीक कानाने ओळखली, तो मला बुटाची थाप सांगत होता आणि मी ऐकून घेत होते, कारण मलाही ऐकायचं नव्हतं. गेल्या महिन्यात दुपारी ते पावासाठी खाली गेले. दुकानाच्या तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गुडघा बाजूला सरकला आणि ते उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके. पाववाल्याने आणि पोस्टमनने उचलून वर आणलं. वर आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, 'पायरी ओली होती.' पायरी कोरडी ठणठणीत होती, मी नंतर जाऊन पाहिली.

ते झोपल्यावर त्याच दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पाय उघडला. बुश गोल राहिलेलाच नव्हता, अंड्यासारखा लांबट झाला होता. दांड्याभोवती तपकिरी पीठ साचलं होतं आणि त्यात तुटलेले धागे, केसांसारखे. आणि दांडा व बुश यांच्या मधल्या फटीत, नीट कापून, कडा कानशीने घासून, वळवून बसवलेली पत्र्याची पट्टी. चहाच्या डब्याच्या झाकणाची. एका बाजूला झाकणाचा हिरवा रंग अजून होता. असलं काम आपल्या घरात एकच माणूस करू शकतो. घामाने, पाण्याने बुश आधी फुगला असणार, मग घट्ट बसून खरवडला गेला असणार, आणि पोकळी वाढत गेली तसा आपला बाप त्यात पत्रा सारत गेला. उठल्यावर मी त्यांच्यासमोर पट्टी ठेवली. तिच्या कडेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, पोराचं नाव आहे गं त्या गुडघ्यावर.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. तुझ्या अठ्ठेचाळीस आणि वगळलेल्या सात, सगळ्या कांड्या मी एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. का ठेवल्या होत्या हे मला कोणी विचारू नये. बारा बाराच्या खेपांनी वाळवल्या, बरणीत गार केल्या, तोलल्या. तुला एकच आकडा लिहिते. सतरा नंबरची कांडी, आधीचं वजन १.५७२१ ग्रॅम. तू पाकिटावर लिहिलेलं वजन १.५७१२. म्हणजे झीज एका मिलिग्रॅमलाही कमी, वाहवा. वाळवल्यानंतर १.५६४८. सात मिलिग्रॅमच्या वर. तू जगाला दाखवलीस त्याच्या आठपट. उरलेलं सगळं पाणी होतं, दादा. खिडकीतून आलेली हवा तू तोललीस आणि तिला टिकाऊपणा म्हणालास. ज्या सातांचं वजन वाढलं होतं त्याही झिजल्याच होत्या.

मी तुला फोन केला. आकडे सांगितले, बाबा पडल्याचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. तू म्हणालास, 'काय सांगतेस? बाबांनी पत्रा घातला? कमाल आहे.' मग म्हणालास, बघतो. तुझं ते बघतो मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या सायकलचं चाक तू असंच तीन वर्षं बघत होतास. पंधरा दिवस तू बघितलंस. तेवढ्यात एक बस कंडक्टर बाई, तुझ्या चारशे बारांच्या यादीतली, चालत्या बसच्या दारातून पडली आणि तिच्या धड पायाची मांडी मोडली. तिच्या नवऱ्याने तक्रार केली, आपल्या संस्थेने चौकशी समिती नेमली, आणि समितीने वजनांची वही मागितली. वही माझ्या अक्षरात आहे. तेव्हा तुला एकदम आठवलं की घरात एक तंत्रज्ञ आहे. बाबांना बघायला तू अजून आलेला नाहीस, पण सहीचा कागद मात्र चार दिवसांत आला. खापर फोडायला डोकं घरातलंच बरं, बाहेरचा माणूस वकील आणतो.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की तुझी चूक घाईची आहे. घाई, हाव, थोडा भित्रेपणा. अशा गोष्टी माणसाला माफ करता येतात, निदान लांबून. परवा दुपारी मी तुझा कागद बाबांना वाचून दाखवला. मला त्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं की दादा चुकला. त्यांनी डाव्या हाताने प्लास्टरची कड खाजवली. मग म्हणाले, 'पट्टीचं त्याला माहीत होतं.' गुडघा बसवल्याच्या आठव्या महिन्यात त्यांनी तुला फोन केला होता. टर्नर माणूस, त्याने तुला नीट सांगितलं, सांध्याला प्ले आलाय, दांडा सैल खेळतोय, पाव मिलिमीटर असेल. तू त्यांना म्हणालास, तेवढ्या जाडीचा पत्रा घाला, तुमच्यासारख्या कारागिराला काय अवघड आहे. आणि म्हणालास, धाकटीला सांगू नका, ती उगाच बोभाटा करेल. तो पत्रा त्यांनी तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी किती जाडीचा बदलला ते तुला कळवलं. तुझ्याकडे गेलं वर्षभर एका गुडघ्याच्या झिजेची नोंद होती, पत्र्यागणिक वाढत गेलेली, आपल्या बापाच्या हाताने मोजलेली. माझ्या यंत्रावरची कोणतीही कांडी याहून खरं बोलली नसती. आणि तू फोनवर मला म्हणालास, कमाल आहे. त्या चारशे बारांपैकी बाकीच्यांना पत्रा कापता येत नाही, दादा. त्या कंडक्टर बाईला येत नव्हता. तुझ्याशी माझं आता घाईचं भांडण राहिलेलं नाही.

तुला माहीत असलेल्या गोष्टी मी तुलाच का समजावून सांगते आहे, तबकडी कशी फिरते आणि धागा पाणी कसा पितो, असं वाचताना वाटलं असेल. समितीने मला जबाबाचा छापील फॉर्म दिला होता, त्यात 'घडलेली हकीकत' या मथळ्याखाली चार ओळींची जागा आहे. चार ओळींत मला ते जमेना. मग अध्यक्षांना विचारलं की पत्र चालेल का, त्या म्हणाल्या, सही असेल तर चालेल. हा माझा जबाब आहे. याची इथपर्यंतची एक प्रत, तुझी पाकिटं, ओव्हनचं कार्ड, बाबांचा बुश आणि पंचावन्न कांड्या समितीकडे आज सकाळी दिल्या. दुपारपासून यादीतल्या माणसांना फोन जायला लागतील की तो पाय काढून ठेवा. बाबांनी सगळं ऐकलं. त्यांनी एकच मागितलं, दादाला हे एक दिवस आधी मिळू दे, तो आपण होऊन जाईल आणि सांगेल. मी म्हटलं, त्या एका दिवसात चारशे दहा माणसं घराबाहेर पडतील, तुम्ही आणि ती कंडक्टर बाई तेवढे घरात बसाल. त्यांनी चष्मा मागितला आणि माझ्या नावाखाली साक्षीदार म्हणून सही केली. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, सही डाव्या हाताची आहे, ओळखू येत नाही. ती त्यांचीच आहे का, असं समिती तुला बोलावून विचारणार आहे. तेवढं तरी खरं सांग.

तुझीच,
धाकटी